पोर झाडावर, वाद जमिनीवर

दिवाळीचा फराळ आणि हरणांच्या शिकारीचा मोसम अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात साधारण एकाच सुमारास येतात. त्यामुळे विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटातल्या मराठी घरांत एक वाद दरवर्षी चकल्यांबरोबर पुढ्यात येतो. शेजारच्या काकांनी मुलाला विचारलेलं असतं, "येतोस का शनिवारी आमच्याबरोबर शिकारीला?" पोरगं एका पायावर तयार. मग बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, आठ-दहा वर्षांच्या लेकराच्या हातात बंदूक देणं ही विकृती आहे. दुसरा म्हणतो, मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीचा मोसम सुरू होतो तेव्हा कित्येक शाळांना सुट्टी असते. इथं राहायचं तर इथलं काहीतरी मुलांच्या अंगवळणी पडू दे की! इथल्या गोऱ्या लोकांत, विधिमंडळांत चालणारा मोठा वादही याहून फार वेगळा नाही. सगळे तावातावानं बंदुकीबद्दल बोलतात. ज्या झाडावर त्या पोराला पहाटे अंधारात चढवणार आहेत, त्या झाडाचं नाव कुणी काढत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलाला शिकारीला न्यावं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं; मी त्यात पडणार नाही. पण ज्या मुलाला दोरीला स्वतःला अडकवणं आणि सोडवणं स्वतः जमत नाही, आणि वर गेल्यावर मोठ्या माणसालाच काही झालं तर काय करायचं हे ज्यानं आधी करून पाहिलेलं नाही, त्या मुलाला झाडावर चढवू नये. मग ते सहा वर्षांचं असो की पंधरा. त्यानं जमिनीवर बसावं. शिकार तिथूनही होते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. व्हाइटटेल हरणाची शिकार इथं बहुतेक वेळा झाडावरून होते. आपल्या जुन्या मचाणाचाच हा आटोपशीर अवतार. 'लॅडर स्टँड' म्हणजे झाडाला टेकवून बांधलेली शिडी आणि वर बाकडं. दोघं शेजारी बसतील असंही मिळतं. 'हँग-ऑन' म्हणजे पट्ट्यानं खोडाला आवळलेला छोटासा पाट. आणि गेल्या काही वर्षांत ज्याची चलती आहे ते 'सॅडल': कमरेभोवती आणि मांड्यांखालून जाणारी जाड पट्ट्यांची झोळी. तिच्या पुढच्या दोरीला झाडाभोवती बांधलेली दुसरी दोरी, म्हणजे टेदर, अडकवायची. पाय एका वितभर फळीवर ठेवायचे आणि भार दोरीवर टाकून खोडाकडे तोंड करून रेलायचं. उंची पंधरा ते वीस फूट. वीस फुटांवरून सुटलेली कुठलीही वस्तू सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. हे गणित नववीच्या पुस्तकातलं आहे, त्याला कुठल्या अभ्यासगटाची गरज नाही.

आता कायद्याकडे बघा. विस्कॉन्सिननं २०१७ साली मार्गदर्शकाबरोबर शिकार करण्यासाठीची किमान वयाची अट काढून टाकली. त्याआधी ती दहा वर्षं होती. बदल झाल्याबरोबर वर्षही न भरलेल्या बाळांच्या नावावर हौसेनं परवाने काढले गेले आणि वर्तमानपत्रांना मेजवानी मिळाली. वाद पेटला तो अर्थातच वयावरून. दहा योग्य की बारा, की काहीच नको? पण त्या कायद्यातली खरी अट वेगळीच होती: मोठ्या माणसानं मुलापासून हातभर अंतरावर राहायचं. जमिनीवर ही अट चोख आहे. बंदुकीची नळी भलतीकडे वळली की बापाचा हात तिथं पोचतो. शिडीवर मात्र हातभर अंतर म्हणजे नक्की काय? पोर आधी चढलं तर बाप खाली, आणि ते सुटलं तर दोघं मिळून खाली येणार. बाप आधी चढला तर पोर शिडीवर एकटं. वर पोचल्यावर शिडी सोडून बाकड्यावर पाय टाकायचा, तो क्षण तर दोघांनाही अवघड. आणि पडण्याचे बरेचसे प्रकार घडतात ते नेमके चढता-उतरताना आणि या पाय बदलण्याच्या क्षणी. न्यूयॉर्क राज्यानं २०२१ मध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बंदुकीनं हरीण मारायला परवानगी दिली, तेव्हा मात्र एक शहाणपणाची अट घातली: मूल आणि त्याच्याबरोबरचा अनुभवी माणूस, दोघांनीही जमिनीवरच राहायचं. त्या कायद्यावर दोन्ही बाजूंनी रकानेच्या रकाने लिहून आले. त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

बंदूक धोक्याची नाही असं मी म्हणत नाही. पण बंदुकीचा धोका या लोकांनी कसा आटोक्यात आणला ते पाहण्यासारखं आहे. न्यूयॉर्कनं १९४९ मध्ये शिकारी प्रशिक्षण सक्तीचं केलं. विस्कॉन्सिननं १९६७ मध्ये वर्ग सुरू केले. आज तिथं १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही एरवी प्रमाणपत्राशिवाय परवाना मिळत नाही. १९८० पासून बंदुकीच्या मोसमात भडक नारिंगी कपडे घालणं बंधनकारक झालं. तेव्हाही कुरकुर झालीच असणार, की असं दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखं नटून गेल्यावर हरीण कशाला थांबेल? हरणाला तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, हे हळूहळू पचनी पडलं. माणसाला माणूस समजून ओळखण्याचे आणि नळी कुठं रोखायची याचे नियम घोकून घोकून अंगात भिनवले गेले, आणि गोळी लागून होणारे अपघात पूर्वीच्या मानानं फार खाली आले. हे कुणाचं हृदयपरिवर्तन होऊन झालं नाही. सवयी ठरवून दिल्या आणि त्या पाळायला लावल्या म्हणून झालं. झाडाच्या बाबतीत ते अजून व्हायचंय. मोठी माणसंसुद्धा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधून झाडाला अडकवायचे पट्टे, गाडीत ठेवून 'एवढ्याशा उंचीला काय' म्हणत चढतात, आणि पडलेल्यांत अशांचाच भरणा जास्त असतो.

हा वाद ऐकताना मला राहून राहून दहीहंडी आठवते. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्या गोविंदांना मनाई केली आणि थरांची उंची वीस फुटांवर आणली. वीस फूट! म्हणजे इथल्या मचाणाएवढीच. मग परंपरेवर घाला, हिंदूंच्याच सणांवर का, विरुद्ध बंदच करा हा तमाशा, असं रणकंदन माजलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, परत आलं, आणि २०१७ मध्ये वयाची अट चौदावर आली, उंचीची मर्यादा उठली. एवढ्या सगळ्या गदारोळात सगळ्यात वरच्या थरावरच्या पोराच्या पाठीला दोरी आहे का, ती कोण धरणार, कशाला बांधणार, हा प्रश्न बिचारा कोपऱ्यात उभा होता. ज्या पथकांनी तो स्वतःहून सोडवला, हेल्मेट आणली, वरच्या पोराला दोरी लावली, त्यांनी परंपराही सोडली नाही आणि पोरालाही वाऱ्यावर सोडलं नाही. सगळ्यात वर सगळ्यात लहान आणि हलकं पोर चढतं, हे ज्याला वर्षानुवर्षं माहीत आहे त्या समाजाला अमेरिकेतल्या बापांना नावं ठेवण्याचा फारसा अधिकार नाही. पण त्यांना एक गोष्ट सांगण्याचा अधिकार मात्र आहे: वयाच्या आकड्यावर भांडत बसलात तर दोरी राहून जाते.

आता झाडावरून शिकार करण्याच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेते, कारण ते खरोखर वजनदार आहे. वरून मारलेली गोळी खाली जमिनीत शिरते. जमिनीवरून मारलेली चुकली तर झाडीतून आरपार कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि मुलाचा नेम चुकणारच. म्हणजे झाड हीच सुरक्षित जागा, असा हा युक्तिवाद. शिवाय पोरं चुळबुळ करतात. हरीण सहसा वर पाहत नाही. माणसाचा वासही वरच्या वर निघून जाण्याची शक्यता असते. हे सगळं खरं. पण गोळी अडवायला उंचीच लागते असं कुणी सांगितलं? मागं टेकाड असेल अशी जागा निवडता येते, ओढ्याच्या काठावर बसून उताराकडे तोंड करता येतं, अंतर ठरवून देता येतं. चुळबुळीसाठी 'ग्राउंड ब्लाइंड' नावाचा कापडी आडोसा मिळतो. त्यात पोरगं खुर्चीवर बसून पाय हलवत बिस्किटं खाऊ शकतं. आणि उंचीचा एक तोटा हे लोक सांगत नाहीत: जवळच्या हरणावर तीव्र कोनातून वरून नेम धरला की मर्मस्थानाची जागा अरुंद दिसते. नवख्या मुलाकडून जनावर जखमी होऊन पळण्याचा संभव वाढतो. रक्ताचा माग काढत अंधारात फिरणं, हा कुठल्याच मुलाचा पहिला अनुभव नसावा.

दुसरं म्हणणं सॅडलवाल्यांचं. ते म्हणतात, जुन्या पाटावर माणूस बसतो आणि पडला तर हार्नेस त्याला धरतो. सॅडलमध्ये माणूस मुळात दोरीवरच असतो, त्यामुळे पडण्याचा प्रश्नच नाही. शिवाय जमिनीपासूनच दोरी लावून चढायची पद्धत असल्यामुळे मधला बेवारस टप्पा उरत नाही. मोठ्या, सराव केलेल्या माणसापुरतं मला हे पटतं. पण त्यातला 'दोरी ताठ असताना' हा उपनियम विसरून चालत नाही. सॅडल काम करतं ते दोरीत ढील नसेल तोवर. फळीवर चढून उभं राहिलं, दोरी सैल पडली आणि पाय घसरला, की तेवढ्या ढिलाईचा हिसका थेट कमरेत बसतो. तो झेलण्यासाठी ही झोळी बनवलेलीच नसते. आणि ढील न सोडता तीन तास उभं-रेललेलं राहणं ही कुठल्या नऊ वर्षांच्या पोराची प्रकृती असते?

आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या अंगणातल्या मेपलला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, हे सगळं लावून दाखवलं होतं. टेदरवर प्रुसिक नावाची गाठ असते. भार नसताना ती दोरीवर वर-खाली सरकते आणि भार आला की घट्ट आवळते. मोठी देखणी युक्ती आहे. पण लटकलेल्या माणसानं घाबरून ती गाठच मुठीत धरली, तर ती आवळत नाही, सरकते. आणि घाबरलेलं पोर काय धरणार? हाताशी असेल ते. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा लोकरी हातमोजे घालून कॅराबिनरची, म्हणजे दोरी अडकवायच्या कडीची, फिरकी उघडायला बघत होता. तीन बोटं एकात एक अडकली, मग त्यानं दातानं मोजा ओढून काढला. शून्याखालच्या थंडीत, अंधारात, वीस फुटांवर हेच करायचं असतं. शेजारी काही बोलले नाहीत, पण त्यांनी सॅडल गुंडाळून ठेवलं आणि त्या मोसमात दोघं आडोशाला बसले.

सह्याद्रीत मुलांना घेऊन कडे उतरणाऱ्यांना यातली एक गोष्ट सांगायलाच नको. लहान मुलाची कंबर अजून भरलेली नसते आणि डोकं अंगाच्या मानानं जड असतं, म्हणून नुसत्या कमरेच्या हार्नेसमध्ये ते उलटं होऊन निसटू शकतं. त्याला खांद्यावरून येणारा, पूर्ण अंगाचा हार्नेसच लागतो, त्याच्या मापाचा. बापाचा जुना हार्नेस पट्टे ओढून बसवला असं इथं चालत नाही. त्यावर किती वजनाच्या माणसासाठी आहे ते छापलेलं असतं आणि अनेकदा त्यात किमान वजनही असतं. पूर्वी इथं कमरेला नुसता एक पट्टा बांधून माणसं बिनघोर बसत. त्या पट्ट्यावर लटकायची वेळ आली की श्वासच कोंडतो, हे कळल्यावर तो मोडीत निघाला. आपण सुरक्षित आहोत असं वाटणं आणि सुरक्षित असणं यांत किती अंतर असतं, याचा दाखला मोटारींनीही दिलाय. बाळाला आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, असं पिढ्यानपिढ्या सगळे मानत. टेनेसी राज्यानं १९७८ मध्ये लहान मुलांसाठी गाडीत वेगळी सीट सक्तीची केली आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत तसे कायदे आले. त्या आयांचं प्रेम कमी नव्हतं. टक्कर झाली की प्रेमाच्या हातात बाळ राहत नाही, एवढंच.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त भेडसावणारा प्रश्न दुसराच आहे आणि तो कुठल्याच तटाच्या तोंडी ऐकू येत नाही. मूल पडेल याची काळजी सगळे करतात. बाप पडला तर? समजा हार्नेसनं बापाला धरलं, तो फांदीखाली लटकतोय. पाय लोंबकळत राहिले की रक्त खालीच साचत जातं, काही मिनिटांत घेरी येऊ शकते. म्हणून पायांना आधार देणारी एक पट्टी हार्नेसबरोबर ठेवायची असते. ती पट्टी कुठं आहे हे पोराला माहीत आहे? फोन बापाच्या खिशात, तो खाली लोंबतोय. पोर वर बाकड्यावर, एकटं, रडकुंडीला आलेलं, शेजारी भरलेली बंदूक. सगळी व्यवस्था या गृहीतावर उभी आहे की मोठा माणूस शुद्धीवर आणि धडधाकट असेल. आणि झाडावरून पडतात ती बहुतेक मोठीच माणसं! जे मूल आपल्या स्वतःच्या लाईफलाईनवर, म्हणजे वरपासून जमिनीपर्यंत झाडाला बांधलेल्या दोरीवर, गाठ सरकवत, कुणाच्याही मदतीशिवाय खाली येऊन ९११ ला फोन करून आपण कुठल्या रस्त्याच्या कुठल्या शेतामागं आहोत हे सांगू शकतं, ते वर जायला तयार झालं. जे सांगू शकत नाही, ते नाही झालं. यात वय कुठं आलं? काही मुलं हे दहाव्या वर्षी करतील, काही बाप चाळिसाव्या वर्षीही करू शकणार नाहीत.

इथं आपल्यातलेच काही बुजुर्ग हसतात. म्हणतात, आम्ही लहानपणी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर दिवस दिवस बसायचो, गोफण फिरवायचो, चिंचेच्या शेंड्यावर चढायचो; कुठला हार्नेस आणि कुठलं काय! त्या बालपणाचा मला हेवाच वाटतो. पण त्यातला फरक बघा. माळ्यावर पोर आपल्या पायांनी, आपल्या बळावर, दिवसाउजेडी चढत होतं. जेवढं चढता येतं तेवढंच उतरताही येतं, हा मुलांचा अंगचा हिशेब असतो. शिडी लावून, पहाटे साडेचारला उठवून, तीन थरांचे कपडे चढवून त्याला वीस फुटांवर बसवलं की तो हिशेबच पुसला जातो. त्यातून पोर डुलक्या घेणार. गारठ्यात, बापाच्या खांद्याला टेकून, सात वाजेपर्यंत ते झोपणारच. आणि माळ्यावरून, चिंचेवरून पडून हात मोडलेली, कायमची लुळी झालेली माणसं गावोगाव होती. त्यांच्या आठवणी कुणी हसत सांगत नाही इतकंच.

राहिला अहिंसावाद्यांचा मुद्दा, त्यालाही थोडक्यात भिडते. मरणारं जनावर मुलाला दाखवावं का, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला 'नाही' हे उत्तर देणाऱ्या आईबापांशी माझं भांडण नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या वासाचा झालाय. पण तीच फूटपट्टी इथं लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेली ही हरणं आज तीन कोटींच्या घरात आहेत, त्यांना खाणारे लांडगे बऱ्याच राज्यांतून कधीच संपले, आणि रानांच्या जपणुकीचा मोठा पैसा बंदुका-काडतुसांवरच्या, १९३७ च्या कायद्यानं याच कामासाठी राखून ठेवलेल्या करातूनच येतो. दुसरं असं की पारखायचं तर सगळ्यांना एकाच नजरेनं पारखावं: इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याचा गुन्हेगारीचा शिक्का ज्यांच्या कपाळी पुढे बसला, त्या फासेपारध्यांचं पोर बापाकडून तितराचा फास लावायला शिकलं तर ते चोर, आणि इथलं पोर हरणाची शिंगं धरून फोटो काढतं ते परंपरेचा वारस, ही गंमत दोन्हीकडच्या सभ्य माणसांना खटकायला हवी. मात्र माझी तक्रार वेगळी आहे. ज्यांना शिकारच नको आहे, त्यांनी ते तसं सरळ म्हणावं. मुलांच्या सुरक्षिततेची ढाल पुढे करू नये. कारण त्यामुळे शिकार करणारे बाप सुरक्षिततेचा प्रत्येक शब्द बंदीची चाहूल म्हणून ऐकतात आणि कान बंद करतात. झाडाविषयीचं साधं बोलणंही मग त्यांना शत्रूच्या गोटातून आल्यासारखं वाटतं.

आणि शिकारवाल्यांनीही थोडं सरळ बोलावं. शिकाऱ्यांची संख्या घटतेय, वयं वाढताहेत, नवी पिढी आली नाही तर करही आटेल आणि धंदाही, म्हणून मुलांना लवकरात लवकर ओढायची घाई चालली आहे. घाईचं कारण समजू शकतं. पण पहिल्याच मोसमात पोराला थेट शेंड्यावर नेण्याची त्यात काय निकड आहे? बिगरबंदुकीचा एक मोसम जमिनीवर घालवावा, माग वाचावा, वारा ओळखावा. मग उन्हाळ्यात अंगणातल्या झाडाला गुडघाभर उंचीवर लटकण्याचा सराव करावा. चढताना हातात काही नाही, रिकामी बंदूक खालून दोरीनं ओढून घ्यायची, दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम शिडीला, हे नियम छापील पुस्तकात सगळे आहेत. परवान्याच्या परीक्षेत त्यांवर प्रश्नही येतात. नाही ते एवढंच, की प्रमाणपत्र देण्याआधी त्या पोराला एकदा प्रत्यक्ष हार्नेसमध्ये लटकवून, त्याचं त्याला खाली येता येतं का हे सगळीकडे सक्तीनं पाहिलं जात नाही. काही ठिकाणी गोळीबाराची चाचणी घेता, मग लटकण्याची का नाही? एक झाड, एक लाईफलाईन, जमिनीपासून दोन फूट आणि माणशी दहा मिनिटं लागतील.

तोवर शेजाऱ्याचं आमंत्रण आलं तर मराठी आईबापांनी बंदुकीबद्दल विचारावंच, पण त्याच दमात हेही विचारावं: बसणार कुठं? झाडावर असेल तर हार्नेस कुणाच्या मापाचा, त्यावर वजन किती लिहिलंय, दोघांच्या लाईफलाईन वेगळ्या आहेत ना, त्या जमिनीपासून आहेत की वर पोचल्यावर अडकवायच्या, आणि फोन कुणाच्या खिशात असणार? चांगला शिकारी या प्रश्नांनी दुखावत नाही; उलट तो खूश होऊन गराजमधून सगळं सामान काढून दाखवायला लागतो. आणि ज्याला ते आगाऊपणाचे वाटतील, त्याच्याबरोबर पोराला झाडावरच काय, आडोशालासुद्धा पाठवू नका.